फर्माता म्हणजे थांबणं

मेधाचा फोन आला तेव्हा मी बुटीबोरीला, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत होते. "बाबा गेले वं..." एवढंच ती म्हणाली. महिना झाला, पण ती दुपार अजून सरली नाही असं वाटतं.

वसंतकाका, मेधाचे वडील, आमचे शेजारी. दिवसा पोस्टात नोकरी, संध्याकाळी घरी पाश्चात्त्य व्हायोलिनची शिकवणी. ते स्वतः कामठीच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडे शिकलेले. मी दहा वर्षांची असताना आईनं मला त्यांच्याकडे धाडलं. बोलताना मी अडखळायची. वर्गात हसतात म्हणून बोलणंच सोडलं होतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, अर्धवट अंधारातली खोली, समोर स्वरलिपीचा कागद... त्यावर एक चंद्रबिंदू उलटा होऊन बसलेला. मी बोट ठेवलं. "हे क... का..."

काकांनी माझा शब्द पुरा केला नाही. तो माझ्या तोंडून येईस्तोवर ते स्वस्थ बसून राहिले. मग म्हणाले, "फर्माता. इटालियन शब्द, थांबणं. तिकडं बसच्या थांब्यालेही हेच म्हणतात. पण तिथले वाजवणारे या खुणेले मुकुट म्हणतात. स्पेनवाल्यांले यात हंडा दिसला, आन् फ्रेंच म्हणतात ऑर्गनचा बिंदू."

"कि... किती थांबायचं?"

"ते लिहून नसते. वाजवणाऱ्यानं ठरवायचं. मंग तू काहून घाबरून राहिली वं?"

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा बोलू लागले. अडखळणं आजही आहे. त्याची लाज तेवढी तिथंच राहिली.

दोन वर्षांपूर्वी काकांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, शब्दही तुटके झाले. भेटायला येणारे त्यांची वाक्यं भराभर पुरी करून टाकत आणि काका भिंतीकडे तोंड फिरवत. शेवटच्या भेटीत त्यांचे ओठ हलले. "पाणी पाहिजे का?" मेधा घाईनं उठली. मी तिचा हात धरला. आम्ही बसून राहिलो... खिडकीतलं ऊन सावकाश भिंतीवर चढत गेलं.

"बस..." काका म्हणाले. "बस... जाईल... तुही."

माझी बुटीबोरीची बस सुटायची वेळ झाली होती. "जाऊ द्या काका," मी म्हटलं. ते हसले. आजारानंतर मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

तेरवीनंतर मेधानं त्यांची संगीतातल्या शब्दांची वही दाखवली. फर्माताच्या पानावर ती सगळी परदेशी नावं, पोस्टातल्या नेटक्या अक्षरांत. त्याखाली पेन्सिलीनं, डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलेलं: 'आपल्यात – दम धर.' कधी लिहिलं, मेधालाही ठाऊक नाही. वही अजून त्यांच्या उशाशीच आहे. तिला ती तिथून उचलवत नाही.