अरिष्टांच्या वर्गातली मैत्रीण

मे महिन्यात मी दरवर्षी साताऱ्याकडे माहेरी जाते. त्या वर्षी मात्र शेवटच्या पेपरच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "जुन्या वसईत शिक्षकांसाठी शिबिर आहे. इतिहासाचं कोणीतरी पाठवायचंय. तुमच्याशिवाय कोण आहे?" विषय होता आर्थिक अरिष्टांचा इतिहास. माणिकपूरच्या शाळेत नववीला इतिहास शिकवत माझे केस पांढरे झाले होते. बँका आणि शेअर बाजार यांच्याशी माझा संबंध पगार जमा झाल्याच्या मेसेजपुरता. तोंड पाडूनच गेले.

तिथल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत, आंब्याच्या सावलीतल्या एका खोलीत वर्ग भरायचा. शिकवायला मुंबईहून निवृत्त प्राध्यापक यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याकडे पाठ करून विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला कधी शेजाऱ्याचं बघून काही विकत घ्यावंसं वाटलंय?" सगळेच हसलो. मग त्यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाची गोष्ट सुरू केली. तिकडचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि समुद्र बुजवून होणाऱ्या जमिनीचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. "जमीन अजून पाण्याखाली होती बरं का," सर म्हणाले. "पण भाव आकाशात." युद्ध थांबलं आणि सगळं कोसळलं. विरारच्या आमच्या टॉवरसमोर अर्धवट उभ्या असलेल्या इमारती मला आठवल्या. इतकी वर्षं मी लढाया आणि तह शिकवत होते. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की इतिहास आपल्या खिडकीतूनही दिसतो.

माझ्या शेजारी बसायची ती खाडीकडच्या एका गावातल्या शाळेत शिकवणारी. माझ्याच वयाची, ठेंगणी, बोलण्यात जरा घाई. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींना मॅडम म्हणत होतो. मग तिने घरची सुकेळी आणली. वाळवलेल्या केळ्यांचा तो मधाळ तुकडा तोंडात टाकून मी म्हटलं, "अगं, हे काय आहे!" आणि त्या 'अगं'नंतर ते 'मॅडम' कायमचं गेलं.

किती वर्षांनी मी वर्गात शेजारणीच्या कानात कुजबुजत होते! प्रश्न विचारायला हात वर करत होते, चुकले तर जीभ चावत होते. संध्याकाळी शेअर रिक्षात बसल्यावरही डोक्यात तेच. नवरा म्हणायचा, "काय गं, कॉलेजात नाव घातलंस की काय?" खरंच तसं वाटत होतं.

शिबिराच्या शेवटी प्रत्येकाने एक पाठ घ्यायचा होता. आपल्या मुलांना हे कसं शिकवाल ते दाखवायचं. मी चित्रं लावून कापसाचं प्रकरण शिकवलं. बरं झालं. तिची पाळी आली तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात काढलं, दार लोटून घेतलं आणि आत चहाचा थर्मास मांडला. मग दार किलकिलं करून गोड आवाजात म्हणाली, "चहा सगळ्यांना मिळणार आहे. अजिबात काळजी करू नका. रांगेत या."

कोणाला काळजी नव्हती. तिने 'काळजी करू नका' म्हटलं आणि काळजी सुरू झाली. पुढचे दोघं आत गेले. तिने पुन्हा डोकं बाहेर काढलं, "चहा भरपूर आहे हं!" मागून कोणीतरी पुटपुटलं, "संपत आलाय बहुतेक." बघता बघता आम्ही, चांगली पोक्त माणसं, एकमेकांना रेटू लागलो. सरांचा कोपर माझ्या बरगडीत बसला. दार उघडलं तेव्हा आम्ही सगळे धापा टाकत होतो आणि थर्मास निम्म्याहून जास्त भरलेला होता.

सर कितीतरी वेळ हसत राहिले. "हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"असंच," ती म्हणाली.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर आम्ही दोघी किल्ल्यापलीकडच्या जेट्टीपर्यंत चालत गेलो. तिथे कठड्यावर टेकून ती म्हणाली, "असंच नाही सुचलं. मी दहावीत असताना आमच्याकडची पतपेढी बुडाली. बाबा तिथे कॅशियर होते."

संचालकांनी ठेवी भलतीकडे गुंतवल्याची कुजबुज एका सकाळी गावात पसरली आणि लोक पतपेढीसमोर जमले. वडील आत खिडकीत बसले होते. घरात आधी कळलं नव्हतं. तिच्या वडिलांनी मुद्दामच सांगितलं नसावं. आई शेतातून परस्पर आली आणि रांगेत उभी राहिली.

"मी तिला पाणी न्यायचे," ती सांगत होती. "तिचा नंबर जवळ आला की ती मागच्या बाईला पुढे करायची आणि स्वतः पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. मला राग आला. म्हटलं, आई, आता तरी घे की. तर म्हणाली, 'आपला मानूस आत बसलाय. आपन घेऊन गेलो तर बाहेरच्यांनी कोनाच्या तोंडाकडं बघायचं?'"

दिवसभर ती उन्हात तशीच उभी होती. संध्याकाळी शटर खाली आलं. वडील मागच्या दाराने न जाता पुढून बाहेर आले. लोकांनी त्यांना घेरलं. एकाने सदरा धरला. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी ओरडली, "सोड त्याला! त्याची बायको इथंच हाय, आपल्यासारखी रिकामी."

सदऱ्यावरचा हात सुटला. नवरा-बायको खाडीच्या बांधावरून एकामागे एक घरी गेले. ठेवीतलं थोडंफार पुढे बऱ्याच वर्षांनी परत मिळालं, सगळ्यांनाच. काही घरं वडिलांशी पुन्हा नीट बोलली, काही नाहीच. ते शेतीला लागले.

"त्या खिडकीतून बाबांना आई रांगेत दिसत असणार ना गं?" ती म्हणाली. "दर वेळी मागे जाताना. त्यांना तेव्हा काय वाटलं, हे मला विचारायचं होतं. दोघंही गेले. आता कोणाला विचारू?"

मी तिचा हात धरला. पलीकडून कोळ्यांची होडी आत येत होती. ती किनाऱ्याला लागल्यावर आम्ही दोघी परत निघालो.

शिबिर पुन्हा झालं नाही. सरांना प्रवास झेपेना. आम्ही दोघी मात्र महिन्यातून एकदा तरी पारनाक्याला भेटायचो, वर्गातल्या गमती सांगायचो, पुढच्या पाठाचे बेत करायचो. मग ऑस्ट्रेलियातली तिची मुलगी बाळंत झाली आणि ती मुदतीआधीच निवृत्ती घेऊन तिकडे गेली. 'नातू शाळेत जायला लागला की येते' म्हणाली होती. तो शाळेत जायला लागला, आणि पाठोपाठ नात झाली.

मे महिना आला की मला माहेरची नाही, त्या खोलीची ओढ लागते. बाकावर शेजारी कोणीतरी पुस्तक सरकवून 'हे बघ' म्हणावं, एवढंच. शाळेत चांगल्या मैत्रिणी आहेत. पण त्या स्टाफरूममधल्या. रविवारी तिचा फोन येतो. तिकडे मे महिन्यात थंडी असते, स्वेटर घालून बोलते. मागच्या खेपेला म्हणाली, "आता निवृत्त होतेयस ना? ये की इकडे."

मी पासपोर्टसाठी अर्ज केला. परवा चौकशीला पोलीस घरी आले होते. तरुण होते, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायले. ऑस्ट्रेलियाला जायचंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाकडे, काकू? मुलगा आहे का तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "मैत्रीण आहे. आम्ही एका वर्गात होतो."




त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. "शाळेपासूनची मैत्री म्हणजे!"

मी हो म्हटलं.