शेळी कधी आली?

मी यवतमाळला डॉक्टरकीच्या पोरांना साथरोगशास्त्र शिकवते. विषय कोरडा आहे, पण मला तो आवडतो, आणि तो मला चांगला येतो असा माझा समज होता.

मागच्या हिवाळ्यात पोरांना घेऊन बोरी अरबजवळच्या एका गावात सर्व्हेला गेले. घरोघर फिरायचं, लहान लेकरांची वजनं करायची आणि त्याच वेळी घरातली माहिती विचारायची. पाणी कुठलं, चूल की गॅस, जनावरं कोणती. सगळं एकाच फेरीत. याला छेद-अभ्यास म्हणतात. कोण अशक्त आहे आणि कोणाच्या घरी काय आहे, एवढं त्यात दिसतं. आधी काय घडलं आणि मागून काय, ते दिसत नाही. लंगडणाऱ्याच्या हातात काठी असते म्हणून काठीनं पाय मोडला असं म्हणायचं नाही, हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते. पोरं हसतात.

माहिती जुळवली तर ज्यांच्या घरी शेळी, त्यांची लेकरं जास्त अशक्त निघाली. मला कोण आनंद झाला! शेळीच्या लेंड्या, त्यावर माश्या, मग जुलाब आणि मग वाळलेलं लेकरू, अशी सगळी साखळी मी बसल्या जागी जुळवून टाकली. अंगणवाडीत बाया जमल्या होत्या. त्यांना ठणकावून सांगितलं, "घरात शेळी बांधता ना, त्यानंच लेकरं सुकतात." बाया माना डोलवत होत्या, तसा मला आणखी चेव चढत होता.

ऊन तापायला लागल्यावर परत गेले. ज्या पोरीचं वजन सगळ्यात कमी भरलं होतं, तिच्या घरी आधी शिरले. पोरगी आईच्या कडेवर होती, मागच्यापेक्षा हलकी. दारातला खुंटा रिकामा होता.

"शेळी कुठे गेली?" मी विचारलं.

"विकली ना मॅडम, बाजारात," तिची आई म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं."

"आणि ती आली कधी होती?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"पोरगी सुकून राह्यली होती, म्हून माह्या बाबानं धाडली. आमच्याकडं असंच करतेत. लेकराच्या अंगी लागत नसलं का माहेरातून दुभती शेळी येते."

शेळीमुळे लेकरं अशक्त झाली नव्हती. लेकरं अशक्त होती म्हणून शेळी आली होती. मी औषधालाच रोग ठरवून मोकळी झाले होते, आणि त्या पोरीच्या तोंडचं दूध काढून घेतलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"ताई, चूक माझी झाली," मी म्हटलं. "शेळीनं काहीच बिघडलं नव्हतं. दूध चांगलंच होतं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे माह्या बाबानं लेकराचं वाईट नाई केलं?"

"नाही हो. भलंच केलं."

"मंग हे माह्या सासूले सांगा ना मॅडम. मोठ्यानं सांगा. तवापासून रोज ऐकवते मले, का तुह्या बापानं घरात बिमारी धाडली."

सासू मागच्या अंगणात तूर पाखडत होती. मी जाऊन सगळं सांगितलं, सून दारात उभी राहून ऐकत असताना. माझ्याच चुकीनं झालं, आणि दुसरी दुभती शेळी मीच आणून देते, असंही म्हणाले.

"नाई पाह्यजे," म्हातारी म्हणाली. तिचं सूप थांबलं नाही. "तुमच्या भरवशावर मी सुनेले इतकं बोलली. तवाबी तुमीच सांगतलं, आताबी तुमीच सांगून राह्यल्या. कोणतं खरं मानू, बाई?"

"आताचं," मी म्हणाले. अंगणवाडीत जो आवाज खणखणीत निघाला होता, तो आता मला स्वतःलाच खरा वाटेना. म्हातारीनं मान वर केली नाही. सून आत गेली आणि कोऱ्या चहात बिस्कीट कालवून पोरीला भरवायला बसली.