गुणांवर टाकलेलं फडकं

खरं सांगायचं तर स्टोअरवाल्या काकांना वेल्डिंग शिकवणाऱ्या बाईंबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. घरी कोण कोण असतं, चहात साखर घेतात की नाही, यातलं एकही त्यांना सांगता आलं नसतं. प्रशिक्षण केंद्राच्या स्टोअरला ताट मावेल एवढी खिडकी होती. त्या खिडकीतून बाई जेवढ्या दिसल्या तेवढ्याच काकांच्या वाट्याला आल्या: एक हनुवटी, कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या, डाव्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग आणि "काका, रॉड द्या" म्हणणारा खणखणीत आवाज. काका मुळातच भिडस्त. समोरचा दोन वाक्यं जास्त बोलला की ते उगाच किल्ल्यांचा जुडगा चाळायला लागायचे. तेव्हा पुढे जे सांगायचं आहे त्यात काही राहून गेलं असेल तर तो दोष त्या खिडकीचा समजावा.

बाई नोकरीवर आल्या आणि पाठोपाठ ते वेल्डिंगच्या सरावाचं मशीन आलं. टेबलावर मोठा पडदा, हातात खोटा रॉड. रॉड हलवला की पडद्यावर ठिणग्या उडायच्या. ना धूर, ना चटका. जोड पुरा झाला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला गुण उमटायचे. हात किती स्थिर होता, रॉड किती तिरका होता, चाल किती सारखी होती, सगळं त्यात आलं.

शहरातले निम्मे वेल्डर ज्यांच्या हाताखालून गेले ते फोरमन मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वा! काठावर बसून पोहायला शिका. कपडेसुद्धा ओले व्हायचे नाहीत."

"काठावर हातपाय मारायला शिकलं, तर पाण्यात निदान भीती तरी कमी वाटेल," बाई म्हणाल्या.

"बघू की. बुडाले तर हाक मारा."

मशीन मागवण्याचा हट्ट बाईंचा होता, म्हणून जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं: पहिल्या तुकडीतले निम्मे तरी पास झाले पाहिजेत. नाहीतर मशीन परत, आणि बाईंची नेमणूकही तिथेच संपली. ही गोष्ट केंद्रात सगळ्यांना माहीत होती. बाईंनी ती कधी तोंडातून काढली नाही.

त्याच सुमारास प्रवेशाची पद्धतही बदलली होती. आलेल्या माणसाच्या हातात थेट अर्ज द्यायचा नाही. आधी शिक्षकाने त्याच्याशी बसून बोलायचं, मागे काय काम केलं ते विचारायचं, एखाद्या कामाला हात लावू द्यायचा आणि मग ठरवायचं. त्या बोलण्याचं टेबल काकांच्या खिडकीला लागूनच होतं. त्यामुळे काकांच्या कानावर पडायचं ते पडायचंच.

एक दिवस तिथे एक चाळिशीची बाई येऊन बसली. ती खोकी भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. आता तिथे खोकी यंत्रच भरत होतं.

"मला ते कॉम्प्युटरचं टायपिंग शिकायचंय," ती म्हणाली. "सगळे तेच शिकतात."

"सगळे शिकतात म्हणून की तुम्हाला आवडतं म्हणून?"

"आवडायचं काय त्यात? बसून काम असतं."

"खोक्याला चिकटपट्टी लावायचात ना? सरळ लागायची?"

"म्हणजे काय! डोळे मिटून. एका दमात, इकडची तिकडे नाही."

"मग तुम्ही वेल्डिंगला या."

ती इतक्या मोठ्याने हसली की काकांच्या हातून बिजागऱ्यांचा डबा निसटता निसटता राहिला. "अहो बाई, मी काडीपेटीसुद्धा हात लांब करून ओढते. घरी ऐकलं तर पोरं जमिनीवर लोळतील."

"लोळू दे. हात एका चालीने नेणं हे यातलं अर्धं काम, ते तुम्हाला येतंच. राहिली भीती. चला, आमच्या मशीनला आग नाही."

अर्ध्या तासाने ती परत आली ती पदराने कपाळ पुसत. "बाई, त्र्याऐंशी म्हणजे चांगले का हो?"

तुकडीत बाकी सगळी विशी-बाविशीतली मुलं. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं. मशीनवर मावशी सगळ्यांच्या पुढे. नव्वदच्या खाली येईना.

आणि मग खऱ्या वेल्डिंगचा दिवस उजाडला. काका रॉडचे गठ्ठे पोचवायला वर्कशॉपच्या दारापर्यंत गेले होते, म्हणून त्यांना ते बघायला मिळालं. पहिली ठिणगी उडाली आणि कुणी मागे सरकलं, कुणाचा रॉड पत्र्याला चिकटून बसला. हे होणारच होतं. पण एक गोष्ट फोरमननीही जन्मात पाहिली नव्हती. इंचभर जोड झाला की प्रत्येक जण मान उजवीकडे वर करून भिंतीकडे बघायचा. मान गेली की मागोमाग हात जायचा आणि जोड वाकडा. मावशीही त्यातलीच.

"मावशी, वर काय बघताय?" फोरमन गरजले. "गुण काय छपरातून गळणार आहेत?"

सगळं वर्कशॉप हसलं. मावशीने हेल्मेट काढलं ते त्या दिवशी पुन्हा घातलंच नाही.

थोड्या वेळाने बाई खिडकीशी आल्या. आता त्या रडतील की काय या धास्तीने काकांनी आधीच जुडगा हातात घेतला.

"काका, एक फडकं द्या."

"कसलं?"

"कसलंही. जाड असलं म्हणजे झालं. आरपार दिसायला नको."

काकांनी मशीन पुसायचं निळं फडकं दिलं. बाईंनी ते नेलं आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून नियम एकच: जोड पुरा झाला की आधी स्वतःचे गुण स्वतः सांगायचे, कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवायचं, मगच फडकं उचलायचं.

सुरुवातीला नुसता तमाशा.

"पंच्याऐंशी!" एक मुलगा छाती काढून म्हणायचा.

फडकं उचललं की एक्केचाळीस.

"मशीन बिघडलंय बाई."

"मशीनला औषध देऊ. तोवर तू परत कर."

मग तेच खऱ्या लोखंडावर सुरू झालं. हातोडीने जोडावरची काळी खपली उडवायची, जोड शेजाऱ्याला दाखवायचा, आधी आपण बोलायचं. रॉड पाण्यासारखे संपायला लागले. एरवी एक रॉड जास्त द्यायला काकांच्या जिवावर यायचं, पण त्या दिवसांत त्यांनी हात आखडता घेतला नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता येणार नाही. मावशी तर येता-जाता आपला तुकडा खिडकीत ठेवायची.

"काका, किती देता?"

"मला काय कळतंय त्यातलं? छान आहे की. नव्वद."

"नव्वद कसले? इथे बघा, कडेला चर पडलाय. घाई केली मी." आणि काकांनी दिलेले गुण स्वतःच कापून ती निघून जायची.

परीक्षेला बाहेरून एका मोठ्या वर्कशॉपचे मालक आले. मिशीतल्या मिशीतसुद्धा न हसणारा माणूस. दोन पट्ट्या काटकोनात जोडायच्या. प्रत्येकाला दोनदा करता येईल, पण त्यातला एकच जोड निवडून मालकांच्या हातात द्यायचा. मालक तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून वर घण घालणार. लोखंड आतून एकजीव झालं असेल तर टिकेल.

काका जादा रॉड घेऊन दाराशी उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना बाई पायापर्यंत दिसल्या. एका बुटाला काळी नाडी होती, दुसऱ्याला लाल. ती लाल दोरी रॉडच्या गठ्ठ्यांना काकाच बांधायचे. सकाळी नाडी तुटली असावी आणि हाताला येईल ते बांधून बाई धावत आल्या असाव्यात. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

काही टिकले, काही तुटले. शेवटी एकटी मावशी उरली, आणि निम्मे व्हायला अजून एक हवा होता.

मावशीचा पहिला जोड असा उतरला की चित्र काढावं. फोरमन पुढे झाले. वाईट माणूस नव्हेच तो. हळूच म्हणाले, "मावशी, हाच द्या. आता दुसऱ्याच्या फंदात पडू नका."

मावशीने खपली उडवली, जोड उजेडाकडे धरला, वरून बोट फिरवलं. "हा नाही देत."

"अहो, का?"

"मधे थोडं अंतर हात पुढे पळाला माझा. वरून भरलंय, आत शिरलं नाही."

फोरमननी बाईंकडे बघितलं. बाई हाताची घडी घालून उभ्या. "जोड तुम्ही देत नाही, मीही नाही," त्या म्हणाल्या. "देणार त्या आहेत. त्यांना ठरवू द्या."

मावशीने पुन्हा हेल्मेट चढवलं. रॉड पेटला. काकांची नजर तिच्या मानेवर खिळली होती. मान हलली नाही. जोड पहिल्याइतका देखणा आला नाही, जरा जाडजूडच आला. तिने तो निरखला आणि पुढे केला. "हा घ्या."

मालकांनी घण घातला. पट्टी वाकली. पुन्हा घातला. आणखी वाकली, पण सुटली नाही. मग त्यांनी आपण होऊन तो पहिला देखणा जोड उचलला आणि व्हाइसमध्ये आवळला. एका घावात मधोमध उघडला. आत लोखंड नवं कोरं, वितळलेलंच नव्हतं.

"माझ्याकडचे लोक तुटल्यावर सांगतात," मालक मिशी चोळत म्हणाले. "मावशी, कामावर कधी येता?"

"आधी घरी जाऊन पोरांना लोळवते," मावशी म्हणाली, "मग येते."

फोरमननी खाकरून घसा साफ केला. "बाई, माझ्या पोरांना त्या व्हिडिओ गेमवर कधी बसवता?"

मशीन राहिलं, बाईही राहिल्या असत्या. पण मोठ्या केंद्रात तशीच नवी मशीनं बसणार होती आणि तिथल्या शिक्षकांना शिकवायला बाईंनाच बोलावणं आलं. काकांना चार चांगले शब्द बोलायचे होते. त्यांनी ते दोन दिवस जुळवलेही. जायच्या दिवशी खिडकीत हनुवटी दिसली आणि हात जुडग्याकडे गेला.

"काका, फडकी द्या चार."

"चार कशाला?"

"तिथे चार मशीनं आहेत."

"बरं. धुवून परत आणा."

"आणते."