आक्काचा उजवा हात

कापडावर खडूची एकही रेघ न ओढता आक्का कोट बेतायची. दुकान दोघा भावंडांचं. कात्री आक्काची आणि गप्पा धाकट्या भावाच्या. तो काजं-बटणं करायचा, तीही तिरकी.

एकाच वर्षात दोघांना अर्धांगाचा झटका आला. आधी त्याला, पाच महिन्यांनी तिला. दोघांचाही उजवा हात गेला. भाऊ व्यायामाचा चुकार. शिकवणारी मुलगी आली की झोपेचं सोंग घ्यायचा. तरी तीन महिन्यांत स्वतःच्या हाताने दाढी करू लागला. आक्काने एक दिवस चुकवला नाही. रोज चार तास, वाटीतले वाटाणे उचलायचे, दोरीला चिमटे लावायचे. वर्ष सरलं, मूठ धड उघडेना.

"वन्सं, जरा मनावर घ्या," भावजय म्हणायची. "ह्यांचं बघा!"

आक्का दातओठ खाऊन वाटाणे वेचत राहायची.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी दोघांचं रक्त घेतलं होतं. एक दिवस त्यांनी आक्काला बोलावलं.

"मेंदूला नवे धागे जोडायला मदत करणारं एक द्रव्य असतं. ते बनवणाऱ्या तुमच्या जनुकात थोडा फरक आहे. भावाच्या नाही. हेच एक कारण, असं छातीठोक सांगत नाही. पण तुमची मेहनत कमी पडली, असं कुणी म्हणू नये."

"आईबाप तर एकच आमचे."

"पत्त्यांचा जोड एकच असतो, आक्का. पानं ज्याची त्याला."

"मग औषध?"

"त्यावर अजून नाही. व्यायाम सोडू नका."

घरी तिने हे सांगितलं. भावजयीने "असं होय," म्हणून आमटी वाढली. भाऊ म्हणाला, "म्हणजे मी उगाच घाम गाळला नाही, ते बरंच झालं!" आणि स्वतःच खो खो हसला. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही.

आक्काला वाटलं, दोष आपला होता तेव्हा निदान उद्या चार वाटाणे जास्त उचलता येत होते. आता चिडायचं तरी कुणावर? मेलेल्या आईवर, की बापावर?

भाऊ तिच्या टेबलाशी उभा राहून कापड कापू लागला. ती खुर्चीतून सांगायची, "दोन बोटं आत घे." तो म्हणायचा, "कळतं मला."

एका सकाळी त्याने गिऱ्हाइकाचं महागाचं लोकरी कापड उलटं धरलं. आक्काने पाहिलं. कात्री पार टोकापर्यंत जाऊ दिली.