इस्माईलभाई गिझरवाले

इस्माईलभाई कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी माणसांची चौकशी करायचे. पिशवी दाराशी ठेवून स्टूल मागायचे आणि विचारायचे, "पाणी कुठलं हाय? सगळ्यात आधी कोण नहातं? बंद पडतो तवा पाणी कोमट असतं का कढत?"

मी तेव्हा लातूरला मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. उमरी, भोकर, शिरूर अनंतपाळ अशा गावांहून बारावीच्या शिकवण्यांसाठी आलेल्या चाळीस मुली होत्या, डिसेंबरची थंडी होती आणि गच्चीवरचा मोठा गिझर दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. आधीच्या दोन मेकॅनिकांनी एकेकदा थर्मोस्टॅट बदलला होता. सराव परीक्षा तोंडावर, आणि गार पाण्यानं न्हाऊन दोन मुली तापानं आडव्या झालेल्या.

माझी उत्तरं ऐकून इस्माईलभाई गच्चीवर न जाता स्वयंपाकघरात शिरले. चहाच्या पाण्याचं मोठं पातेलं उचलून त्यांनी आतून नख फिरवलं. पांढरा पापुद्रा निघाला.

"बोअरचं पाणी. जे ह्या पातेल्यात, तेच वर टाकीत. थर्मोस्टॅट बिचारा इमानदार हाय, मॅडम. कॉईलवर चुना बसलाय. गरमी पाण्यात जाऊन नाही राहिली, तिथल्या तिथं साठून राहिली. म्हणून तो बंद करतो."

टाकी साफ करून नवी कॉईल बसवायला चार दिवस लागणार होते. आधीच्यांपैकी एका मेकॅनिकनं सुचवलेला उपाय मी त्यांच्यापुढे ठेवला. "परीक्षा होईपर्यंत थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट जोडून द्या."

"न्हाई."

मी वसतिगृहाच्या मालकांना फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. इस्माईलभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोन परत दिला, गिझरच्या बोर्डावरचं फ्यूजचं किटकॅट ओढून काढलं आणि खिशात टाकलं.

"शिव्या खाईन. पण हे माझ्यापाशी राहील. बंद पडणं ही खराबी न्हाई, मॅडम, खबर हाय. खबर देणाऱ्याचं तोंड दाबू नये."

मला त्यांचा भयंकर राग आला. सकाळी दुसरा माणूस बोलवायचा, असं ठरवूनच मी झोपले. पण पहाटे साडेपाचला अंगणातून धूर आला. बघते तर तांब्याचे दोन बंब पेटवलेले आणि इस्माईलभाई उकिडवे बसून त्यांत लाकडाच्या ढलप्या सारत होते. एक बंब त्यांच्या घरचा, दुसरा मेहुणीकडून मागून आणलेला. बादल्या घेऊन मुलींची रांग लागली होती.

"करंटला आडवलं मी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्याला न्हाई."

चार दिवस ते पहाटे असेच येत राहिले. मुली त्यांना बंबचाचा म्हणू लागल्या. दुसरा माणूस मी बोलावला नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेऊन जुनी कॉईल माझ्यासमोर काढली. ती मनगटाएवढी जाड झाली होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर चुन्याचं कवच गळून पडलं आणि आतली नळी बोटभर उकललेली दिसली. डायरेक्ट जोडून ती तशीच तापत राहिली असती, तर फुटून वीज पाण्यात उतरली असती. चाळीस मुलींच्या पाण्यात.

"माझं चुकलं, इस्माईलभाई."

"तुम्ही पोरींसाठीच बोलल्या ना? मग झालं. जरा पाना द्या इकडं."

त्यानंतर नऊ वर्षं वसतिगृहाची वीज त्यांच्याच हातात होती. "बघू" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एक तर "होऊन जाईल" म्हणायचे, नाही तर "न्हाई". मालकही पुढं पुढं कुणाला काही सांगण्याआधी विचारायचे, भाई काय म्हणाले?

मग त्यांची नजर अधू झाली. मुलीकडे नांदेडला कायमचं राहायला जायचं ठरलं, तेव्हा निरोप घ्यायला आले. चहा पिता पिता आपणहून बोलू लागले.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत वायरिंग करायला गेलो होतो. एक म्हातारी होती, ढिगाऱ्यातून दुसऱ्या दिवशी जित्ती काढलेली. अंधाराला लई भ्यायची. तिच्या शेडातला फ्यूज सारखा उडायचा. लेक म्हणाला, भाई, फ्यूजला जाड तार टाका. मी टाकली. आठ दिवसांत शेड पेटलं. भूकंपातून वाचली होती ती. माझ्या तारेतून न्हाई वाचली."

त्यांनी कप खाली ठेवला.

"लेकाला मीच जाऊन सांगितलं, तार माझी होती. तो म्हणाला, भाई, तुम्ही तर आम्ही म्हणलो म्हणून केलं. त्यानं माफ केलं, मॅडम. मला न्हाई जमलं."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटताना त्यांनी हात उंचावला, पण मी उभी होते त्याच्या जरा बाजूलाच.

दीड वर्षानं त्यांच्या मुलीचा फोन आला. अब्बा गेले, म्हणाली. नांदेडलाही शेजारपाजारचे लोक इस्त्री, मिक्सर घेऊन त्यांच्या खाटेपाशी यायचे. दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपून ते दोष सांगायचे. आणि ज्याला नाही म्हणायचं त्याला नाहीच म्हणायचे.