वडिलांच्या नावाचा रकाना

जुलैचा दुसरा सोमवार : संबंधित अधिकारी रजेवर. ऑगस्टचा पहिला गुरुवार : फाइल वरिष्ठांकडे. ऑगस्टचा शेवटचा मंगळवार : सुनावणी तहकूब, कारण नमूद नाही. सप्टेंबरचा तिसरा शनिवार, सकाळ : श्रीमती यमुना घरत यांचे निधन.

या नोंदींसाठी मी तिघांना जबाबदार धरतो. तीन वर्षे शुल्क आणि हजेरी घेऊन एका विद्यार्थिनीचे प्रवेशाच्या वेळचे कागद उघडूनही न पाहणारे महाविद्यालय हे पहिले. शेवटच्या परीक्षेनंतर तेच कागद उघडून निकाल राखून ठेवणारा विद्यापीठाचा पात्रता कक्ष हा दुसरा. तिसरा प्रस्तुत लेखक. यमुनाताईंच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण वेगळे आहे आणि या तिघांपैकी कोणावरही आरोप टिकणार नाही, हे मला समजते. माझे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत शिरस्तेदारी करण्यात गेले; काय टिकते आणि काय टिकत नाही, हे मला शिकवण्याची गरज नाही. तरीही नोंद करतो.

बातमी मंजुळाने दिली; ती विद्यार्थिनी हीच. "सर, ताई गेल्या," ती म्हणाली. फोन तसाच चालू राहिला. मागे कोणीतरी दार उघडत होते, कोणीतरी चपला बाजूला सारत होते... मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस "बरं" का म्हणतो, हे मला अजून उमगलेले नाही.

यमुनाताई मूळच्या उरणकडच्या. लग्न होऊन पनवेलला आल्या आणि येथील एका महाविद्यालयात शिपाई म्हणून लागल्या. घंटा देणे, पाणी भरणे आणि सूचना फलकावर कागद चिकटवणे ही त्यांची कामे. वर्षातून दोनदा एक यादी लागे : सतत गैरहजर राहिल्याने नावे कमी केलेल्या विद्यार्थ्यांची. दरवर्षी त्या यादीत तीच आडनावे, त्याच वाड्या. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की मुलेही जात, आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांची नावे फलकावर येत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घराची बाहेरची खोली संध्याकाळी या मुलांसाठी उघडी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मी कारण विचारले होते. त्या म्हणाल्या, "शिरस्तेदार, नोकरीभर मी खळ लावून पोरांची नावं कमी केली. आता जमतील तेवढी ठेवायची हायत."

त्या स्वतः दहावी नापास. शिकवणे त्यांचे काम नव्हते. शिकवणारी माणसे गोळा करणे हे होते. शेजारच्या सोसायटीतील बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई बुधवारी इंग्रजी घेत. महाविद्यालयातील एक जुने प्राध्यापक शुक्रवारी अर्थशास्त्र शिकवत. परीक्षेच्या दिवसांत वाडीवरून येणे-जाणे जमत नाही म्हणून समोरच्या शिंपीकाकांनी वरचा माळा मुलींसाठी रिकामा करून दिला होता, आणि त्यांची बायको "बेटा, खाली पेट पेपर नहीं लिखते" म्हणत वाटीभर उपमा हातात देई. माझ्याकडे रविवार आणि अर्ज आले. माझी नेमणूक करताना यमुनाताईंनी दिलेले कारण असे : "तुमच्याकडं वेळ हाय आन् राग हाय. अर्ज लिवायला दोन्ही लागतात."

दिवाळीपूर्वी त्या प्रत्येक वाडीवर जात. उपदेश करत नसत. चुलीपाशी बसून गप्पा मारत आणि उठताना सांगत, "पोरीला माझ्याकडं ठेवा, भट्टी उठली की परत न्या." काही घरे ऐकत, काही नाही. महाविद्यालयाच्या कचेरीत खिडकीवरच्या कामालाही त्या मुलीसोबत जात, पण खिडकीशी कधी उभ्या राहत नसत. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसत. त्यांना आत सगळे ओळखत. त्यांनी एक शब्द टाकला असता तर काम पाच मिनिटांत झाले असते. मी तसे बोललो तर म्हणाल्या, "मी बोलले तर आजचं काम व्हईल. तिला उद्या दुसऱ्या खिडकीवर जायचं हाय, तिथं मी कुठं?"

मंजुळा पवार ही कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरची कातकरी मुलगी. पहिलीत तिचे नाव भट्टीजवळच्या शाळेत घातले गेले. नाव घालायला आला तो मुकादम. एका टेम्पोतून दहा मुले घेऊन आला होता. गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले, मुकादमाला ते ठाऊक नव्हते, आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून गुरुजींनी मुकादमाचेच नाव लिहिले. मंजुळा हे हसून सांगत असे : "आम्ही दहा जण एका दिवसात एकाच बापाची पोरं झालो, सर. खरा बाप पन्नास पावलांवर विटा थापत होता." दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर ती मंजुळा रघुनाथ पवार राहिली. जातीच्या दाखल्यावर खऱ्या वडिलांचे नाव आले आणि महाविद्यालयात ती मंजुळा लहू पवार झाली. कोणी पाहिले नाही. बी.ए.ची शेवटची परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असणार, असे "असणार" मला लिहावे लागते, कारण निकालपत्रावर तिच्या नावापुढे केवळ "राखीव" असा शब्द आहे. तिला बी.एड. करायचे आहे. भट्टीजवळच्या शाळेत शिकवायचे आहे.

यमुनाताईंनी पंधरा दिवसांत मार्ग काढला होता. नाव लिहिणारे ते गुरुजी आता निवृत्त होते; त्यांना शोधून त्या त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि नोंद अनवधानाने झाली असे लिहून देण्यास त्यांना राजी केले. पात्रता कक्षातील लिपिकाने गुरुजींचे पत्र आणि प्रतिज्ञापत्र यांवर फाइल पुढे पाठवण्याची तयारी दाखवली होती. फक्त गुरुजींची सही राहिली होती. त्याच आठवड्यात मी, कोणालाही न विचारता, चार पानी पत्र लिहिले. त्यात "शासकीय अभिलेखातील खोटी नोंद" असे शब्द होते, संबंधित शिक्षकावर जबाबदारी निश्चित करण्याची मागणी होती आणि शेवटी माहितीसाठी प्रत म्हणून सात अधिकाऱ्यांची नावे होती. पत्रातील प्रत्येक वाक्य खरे होते. गुरुजींना निवृत्तिवेतनाची धास्ती वाटली. त्यांनी सही करण्याचे नाकारले. लिपिकाने फाइल हातावेगळी करून वर पाठवली. मंजुळाची अडचण होती, तिचे प्रकरण झाले.

यमुनाताई माझ्या घरी आल्या, ते पत्र माझ्यापुढे ठेवले. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तुमी चूक शाबीत केलीत, शिरस्तेदार. मला ती मिटवायची होती."

"पण चूक त्यांचीच आहे," मी म्हणालो.

"हाय ना. मग आता ती त्यांच्याकडंच ऱ्हाईल, आन् निकाल पन."

यानंतर त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. रविवारी नेहमीसारखे अर्ज पुढे सरकवत राहिल्या. तेच मला अधिक जड गेले. पोटाचे दुखणे तेव्हापासूनच असावे. तपासणीसाठी रुग्णालयाने दिलेला पहिला दिवस पात्रता कक्षाच्या तारखेच्या दिवशीच आला आणि त्या तारखेला गेल्या. दुसऱ्या वेळीही तसेच झाले. दोन्ही वेळा मुंबईपर्यंत जाऊन, बाकावर दुपारपर्यंत बसून, "आज नाही" हे ऐकून परतल्या. तपासणी पुढे ढकलू नका असे सांगण्याचा अधिकार मी गमावला होता. तरी सांगायला हवे होते... सांगितले नाही.

रुग्णालयात शेवटची भेट झाली तेव्हा त्या फार बारीक दिसत होत्या. मी क्षमा मागण्याची तयारी करून गेलो होतो. वाक्ये मनात जुळवली होती. त्यांनी ती सुरूच होऊ दिली नाहीत. "पुढच्या तारखेला तुमी जाल तिच्यासोबत," म्हणाल्या. "बसायचं. बोलायचं नाय. जमंल?" मी हो म्हणालो. "लिवून द्या," असे म्हणून त्या हसल्या, आणि हसताना त्यांना दुखले. दोन दिवसांनी त्या गेल्या.

पुढची तारीख त्यांच्या दिवसकार्यानंतर आली. मंजुळाने वडिलांनाही आणले होते. लहू पवार बांधकामावरची रोजी बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी बाकावर बसलो. मंजुळा खिडकीशी गेली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांचं नाव लहू पवार आहे. शाळेच्या दाखल्यावरचं नाव मुकादमाचं आहे. वडील इथं उभे आहेत, त्यांना विचारा." आतल्या गृहस्थांनी मान वर केली, लहू पवारांकडे पाहिले आणि म्हणाले, "माणूस नको, कागद आणा." लहू पवार दोन पावले मागे सरले. चूक आपल्याच उभे राहण्यात झाली असावी, असा त्यांचा चेहरा झाला. मी उठलो नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेलो नाही. मंजुळा मात्र तिथून हलली नाही. "कोणता कागद, ते लिहून द्या," एवढेच ती तीन वेळा म्हणाली. लिहून मिळाले नाही.

म्हणून मी आता बोलतो, आणि या वेळी कोणालाही प्रत पाठवत नाही. गुरुजींविरुद्धची माझी मागणी मी येथे, सर्वांसमक्ष, मागे घेतो. त्यांच्याकडून झाली ती चूक होती, लबाडी नव्हती. उरलेली मागणी एकच आहे आणि ती पात्रता कक्षाच्या प्रमुखांकडे आहे. जिवंत बाप समोर उभा असताना त्याचे नाव सिद्ध करण्यास कोणता कागद लागतो आणि कोणत्या नियमान्वये, हे त्यांनी सांगावे. उत्तर मला पाठवू नये, वृत्तपत्राच्या याच पुरवणीत द्यावे, म्हणजे वाडीवर ते वाचून दाखवता येईल. लहू पवार मंजुळाचे वडील आहेत असे आपले मत असेल तर निकाल द्या. नाहीत असे मत असेल तर तेही स्वतःच्या सहीने छापून द्या. दिवाळीनंतर भट्टीचा टेम्पो वाडीवर येईल, आणि या वर्षी मुलीला ठेवून जा असे सांगायला चुलीपाशी कोणी बसलेले नसेल.