चाचणी क्रमांक एकोणीस

कंसमामा हे नाव पोरांनी ठेवलेलं. सर जी भाषा शिकवायचे तिच्यात प्रत्येक ओळ कंसानं सुरू व्हायची आणि सात-आठ कंसांनी संपायची. एक कंस राहिला की सगळा प्रोग्राम आडवा. सरांना ते नाव माहीत होतं. "भाषेवरून ठेवलंय ना, टकलावरून तर नाही," म्हणायचे.

मी त्यांच्या लॅबची सहायक. बावीस वर्षं झाली. मला प्रोग्रामिंग येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. यंत्रं चालू-बंद करणं, हजेरी, छपाई आणि पोरांवर ओरडणं, एवढंच माझं काम. शेवटचं मला सगळ्यात चांगलं जमतं.

सरांचा विषय पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला. बाहेर नोकरीत ती भाषा कुणी विचारत नाही. सर म्हणायचे, "नोकरीची भाषा दोन आठवड्यांत येते, बाई. ही विचार करायला शिकवते." पोरांना विचार नको होता, नोकरी हवी होती. चाळीस पोरं असायची, त्याची यंदा नऊ उरली. मग विभागप्रमुखबाईंनी सरांना बोलावून सांगितलं, की तीन जणांची समिती येणार आहे. या विषयातून पोरं काहीतरी शिकतात असं दाखवता आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून बंद.

सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. बायको गेल्यापासून त्यांना या विषयाशिवाय दुसरं काही नव्हतं, खोटं कशाला बोलू? दिवसातून दहादा म्हणायचे, "विषय टिकला पाहिजे, बाई."

त्यांचा सगळा भरवसा बसच्या गणितावर. शहरातले थांबे आणि रस्ते दिलेले, एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायचा सगळ्यात जवळचा मार्ग काढणारा प्रोग्राम लिहायचा. पूर्वी सर प्रत्येकाचा प्रोग्राम स्वतः वाचायचे, लाल पेनानं समासात भांडायचे. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी तपासणारा प्रोग्रामच बनवला. वीस चाचण्या, प्रत्येकीत दोन थांबे आणि ठरलेलं उत्तर. वीसच्या वीस जुळल्या तर पास, एकोणीस जुळल्या तर शून्य. यात शून्य म्हणजे विषय गेला, आणि विषय गेला म्हणजे वर्ष गेलं. मी कितीदा म्हटलं, "सर, इतकं कशाला ताणता?" पण नाकावर माशी बसू देतील तर शपथ. "अर्धा बरोबर प्रोग्राम म्हणजे चूक प्रोग्राम."

समितीला पोरांचं काम कागदावर हवं होतं. मी नऊ प्रोग्राम छापले आणि सर माझ्यासमोर बसून, कागद नाकाशी धरून, साध्या भाषेत वाचून दाखवायला लागले. बऱ्याच वर्षांनी वाचत होते, खुशीत होते. तिसऱ्याच्या वेळी मी थांबवलं.

"सर, ही ओळ मघाशीही होती. परत वाचा."

"निघायचा थांबा आणि पोचायचा थांबा एकच असेल, तर उत्तर द्या, 'रस्ता नाही'."

"अहो, रस्ता नाही कसं? मी इथंच उभी आहे, मला इथंच यायचंय, तर मी पोचलेच की! अंतर शून्य."

सर हसले. मग हसायचे थांबले. भराभर बाकीचे कागद उलटले. नऊच्या नऊ पोरांनी तीच ओळ घातली होती, काहींनी तर शब्दही तेच.

त्यांनी स्वतःचा नमुना-प्रोग्राम उघडला, ज्यावरून वीस चाचण्या केल्या होत्या तो. वरपासून खालपर्यंत वाचून खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, चक्कर येतेय की काय, म्हणून पाणी आणलं.

"चूक माझी आहे, बाई. असलेल्या जागीच जायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चाचण्यांचे थांबे यंत्रानं आपोआप निवडले, आणि उत्तरं मी याच प्रोग्रामकडून काढून घेतली. हातानं तपासली नाहीत."

म्हणजे एकोणिसाव्या चाचणीत दोन्ही थांबे एकच पडले होते, आणि तिचं उत्तरच चुकीचं. आपलेच दात, आपलेच ओठ! अकरा वर्षं पोरं अडायची, वरच्या वर्गातल्यांना विचारायची आणि ते सांगायचे, "ती एक ओळ टाक, कारण विचारू नको." ज्यांनी टाकली ते पास. ज्यांनी डोकं चालवलं आणि चुकीची ओळ घालणार नाही म्हणून हटून बसले, ते नापास. सरांनी जुन्या याद्या काढल्या. असे चौदा निघाले.

त्यातली एक मला पक्की आठवत होती. तिला सर शंकेखोर म्हणायचे, तेही कौतुकानं. "ही पुढे माझ्या खुर्चीत बसेल," असं मला दोनदा म्हणाले होते. एकोणिसाव्या चाचणीसाठी ती तीनदा केबिनमध्ये आली. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "माझ्याशी वाद घालू नकोस, यंत्राशी घाल." त्यानंतर ती परीक्षेलाच आली नाही. मी दाराशी उभी होते, मी ऐकलंय हे. मी तरी कुठं तोंड उघडलं?

मी सरांना स्पष्ट सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. एक ओळ बदला, चाचणी दुरुस्त करा, समितीला चहा पाजा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि ते चौदा जण?"

"ते गेले, सर. आता विषय तरी वाचवा."

सरांनी कागद गोळा करून पिशवीत घातले. मला वाटलं, पटलं असेल.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळे झाले. विभागप्रमुखबाईंनी कपाळाला हात लावला. समितीचे अध्यक्ष गोड हसले, "आपल्या प्रांजळपणाबद्दल आभार," म्हणाले आणि विषय बंद केला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सरांनी विचारलं, चौदा जणांचे गुण? तर फेरतपासणीचा अर्ज निकालानंतर साठ दिवसांत करायचा असतो. अर्ज विद्यार्थ्यानं करायचा असतो, मास्तरनं नाही. मेले नियम! विषयही गेला आणि गुणही मिळाले नाहीत. माझा इतका संताप झाला की त्यांचे चहाचे कप मी तसेच टेबलावर सोडून आले.

सरांनी चौदा पत्रं लिहिली, हातानं. चार परत आली. एकानं दोनच शब्द लिहून पाठवले, ते सांगण्यासारखे नाहीत. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. फक्त शंकेखोर आली.

लॅबमधली यंत्रं दुसऱ्या विभागाला द्यायची होती, मी वायरी गुंडाळत होते. ती आता पडद्यांच्या दुकानात मापं घेते. अंगानं भरली होती, गळ्यात टेप तशीच राहिली होती. लेकीच्या वयाची, पण सर उठून उभे राहिले, माफी मागितली, आणि तिचा सात वर्षांपूर्वीचा प्रोग्राम छापून ठेवला होता तो तिच्या हातात दिला. समासात लाल पेनानं लिहिलं होतं, 'बरोबर. मीच चुकलो.' खाली सही, तारीख.

तिनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटा केला, परत सुलटा केला.

"हे मी लिहिलंय?"

"तूच. वर्गात एवढं स्वच्छ कुणाचंच नव्हतं."

"सर, मला यातलं काहीच कळत नाहीये आता."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं बोलली, वर सरांना वाईट वाटू नये म्हणून हसली. सरांनी तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि पहिल्या कंसापासून समजावून सांगायला सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट ठेवत गेले, थांबेनात. तिनं पाच-सात मिनिटं मान हलवली, मग हळूच घड्याळ पाहिलं.

"राहू द्या ना सर," ती म्हणाली. "आता काय करायचंय मला त्याचं?"